ग्वाल्हेरचे सहा ऋतू आणि एक वही

मृग लागला की पुण्याच्या मावसबहिणीचा पावसाचा फोटो येतो. ओली खिडकी, चहाचा कप, खाली कुठल्याशा कवितेच्या दोन ओळी. त्याच दुपारी आमच्याकडे, ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, नळाला हात लावला तर पोळतो, कूलरच्या वाळ्याला पाणी पुरत नाही आणि पारा ४५च्या आसपास घुटमळत असतो. पाऊस इथे पोचेपर्यंत जून सरत येतो, कधी जुलै उजाडतो. लहानपणी मला वाटायचं, मराठी कविता वाचायची तर आपण चुकीच्या गावात जन्मलो. कवितेत कोकण, कवितेत सह्याद्री, कवितेत इंद्रायणी. आमच्या वाट्याला उन्हाळ्यातली लू आणि थंडीतला कोहरा, म्हणजे दाट धुकं.

साठी उलटल्यावर मत फिरलं. पुस्तकातला ऋतू आणि दारातला ऋतू जुळला असता तर कविता गोड लागली असती आणि तिथेच संपली असती. जुळत नाही म्हणून थबकायला होतं, आणि थबकलं की माणूस जरा आत वळतो. शाळा सुटल्यावर ज्यांनी कविता वाचली नाही, घरात मराठी बोलतात पण डोळ्यांना सवय हिंदीची, आणि पोथी-पारायणाहून वेगळ्या वाटेनं थोडं स्वतःकडे बघावंसं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. देव मानता की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. त्यावाचून काही अडत नाही.

वर्षाला सहाच कविता

पहिल्यांदा मी रोज एक कविता वाचायचा संकल्प केला होता. पाडव्याला सुरुवात केली, अकराव्या दिवशी पाहुणे आले, बाराव्या दिवशी दोन कविता वाचून ‘भरून काढल्या’ आणि विसाव्या दिवशी पुस्तक पुन्हा कपाटात गेलं. भरून काढायला ती काय शाळेतली हजेरी होती?

मग ऋतूला एक असं धरलं. म्हणजे दोन महिने तीच कविता. पहिल्या आठवड्यात ती आवडते, तिसऱ्यात कंटाळा येतो, आणि पाचव्यात कधीतरी कणीक मळताना तिची एक ओळ न बोलावता येते. तोवर थांबायचं. कंटाळा आला म्हणून कविता बदललीत तर पुढचं काही हाती लागत नाही. हा कंटाळा कामाचाच भाग आहे.

जागा, वही आणि पंधरा दिवस नुसतं बघणं

घरातली अशी जागा शोधा जिथून आभाळाचा तुकडा आणि एखादं झाड दिसतं. माझी जागा म्हणजे गच्चीच्या जिन्याची वरून तिसरी पायरी. तिथून शेजारचा कडुनिंब दिसतो, पाण्याच्या दोन टाक्या दिसतात आणि मान वळवली तर किल्ल्याची तटबंदी. देवघरासमोरच बसायला हवं असं नाही. खरं तर पहिल्या वर्षी देवघर टाळाच, नाहीतर हात आपसूक जोडले जातात आणि डोळे मिटतात. इथे डोळे उघडे हवेत.

वही साधी, शंभर पानी. पानावर वर तारीख, तिथी आणि ठिकाण. ठिकाण लिहायचं हे मी भा. रा. तांब्यांकडून उचललं. त्यांचा जन्म १८७३चा, मुंगावलीचा; पुढे ते ग्वाल्हेरचे राजकवी झाले. त्यांच्या बऱ्याच कवितांखाली रचनेचं ठिकाण आणि दिनांक छापलेला असतो. एका कवितेखाली ‘लष्कर-ग्वाल्हेर’ वाचलं आणि मी पुस्तक मिटून सरळ जिन्यात जाऊन बसले. म्हणजे हीच धूळ, हीच ऊन ओकणारी दुपार, आणि तरी त्यांची मराठी कविता इथे लिहून झाली होती.

पहिले पंधरा दिवस कवितेला हात लावू नका. रोज तीन ओळी लिहा: काय दिसलं, काय ऐकू आलं, अंगाला काय जाणवलं. ‘निसर्ग किती सुंदर’ हे दिसत नाही, ते लिहू नका. माझ्या वहीतली चैत्रातली एक नोंद अशी आहे: ‘निंबाचा मोहोर जिनाभर. झाडला तरी ओल्या पायाला चिकटतो. कोकिळा पावणेपाचला सुरू, नंतर दुधवाल्याची मोटरसायकल.’ पहिल्या वर्षीच्या माझ्या नोंदींत मात्र ‘शाश्वत’ हा शब्द नऊ वेळा आला आहे. आता वाचताना लाज वाटते.

महिना कोणता धरायचा

हा घोळ इथल्या मराठी घराघरात आहे, म्हणून आधीच सांगते. ऋतूंची गणती सोपी: चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. पण आपला महिना अमावास्येला संपतो आणि शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकच, वद्य पक्षाला मात्र नावं दोन. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाभींचा सावन लागतो, आमच्याकडे आषाढ अजून पंधरा दिवस बाकी असतो. माझा पहिला श्रावणी सोमवार असतो तेव्हा त्या म्हणतात, “आज तो तीसरा है.” दिवाळीची रात्र एकच, पण आमची अमावास्या आश्विनातली आणि त्यांची कार्तिकातली.

वर्षातून बारा वेळा, पंधरा पंधरा दिवस, एका भिंतीच्या अलीकडे एक महिना आणि पलीकडे दुसरा. वर चंद्र तोच. याच्यावर कुणी अभंग कसा रचला नाही, याचं मला नवल वाटतं.

करायचं एवढंच: तिथी आपल्या पंचांगाची लिहा, कंसात शेजारचा महिना लिहा, आणि ऋतू मात्र वहीवरून ठरवा. ज्या दिवशी नोंदीत सलग तिसऱ्यांदा मातीचा वास आला, त्या दिवशी तुमची वर्षा सुरू. पंचांग काहीही म्हणो.

वाचायचं कसं

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात याची कृती दिली आहे, तीही ऋतूचा दाखला देऊन:

जैसें शारदियेचिये चंद्रकळे-
माजीं अमृतकण कोंवळे ।
ते वेंचिती मनें मवाळें
चकोरतलगें ॥

तियापरी श्रोतां
अनुभवावी हे कथा ।
अति हळुवारपण चित्ता
आणूनियां ॥

शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण चकोराची पिल्लं मऊ मनानं वेचतात, तसं श्रोत्यांनी चित्त अगदी हळुवार करून ही कथा अनुभवावी. ‘तलगें’ म्हणजे पिल्लं. थोरला चकोर का नाही घेतला? माझा अंदाज असा की थोरल्या चकोराला चांदणं ठाऊक झालेलं असतं, तो सवयीनं पितो. पिल्लू पहिल्यांदाच चोच लावतं. आणि क्रियापद बघा: ‘वेंचिती’. वेचायला वाकावं लागतं. फुलं वेचतो, तांदळातले खडे वेचतो, दोन्हीला मान खाली घालूनच बसावं लागतं.

आता प्रत्यक्ष वाचन. पहिल्यांदा मोठ्यानं वाचा, अर्थाची फिकीर न करता. ओवी आणि अभंग कानासाठी रचलेले आहेत. मनातल्या मनात वाचलं तर अर्धं वाया जातं. सार्थ प्रत असेल तर अर्थाच्या भागावर पोस्टकार्ड ठेवून तो झाका. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा, पण अर्थ लगेच बघू नका. रात्रभर अडू द्या. माझ्या भाच्याचं शिक्षण सगळं हिंदीत झालेलं. त्यानं ‘माजीं’ला ‘माझी’ वाचलं आणि म्हणाला, “मावशी, माझी अमृतकण? माझे पाहिजे ना?” माजीं म्हणजे मध्ये, हे मी त्याला आठवडाभर सांगितलं नाही. आठवड्यानं स्वतःच म्हणाला, “आपलं म्हटल्याशिवाय ते वेचणार कसं?” व्याकरण चुकलं होतं, पण पोरगं चुकलं नव्हतं.

तिसरं वाचन आठ दिवसांनी, आणि त्यात एकच ओळ. बाकीची कविता बंद. ती ओळ घेऊन जिन्यात बसायचं आणि समोर जे आहे त्याला ती लावून बघायची. जुळली तर ठीक. नाही जुळली तर का नाही, ते वहीत.

ग्रीष्म: सुरुवात इथून करा

लोक वसंतापासून सुरू करतात. कालिदासाच्या ऋतुसंहाराची सुरुवात ग्रीष्मानं आहे, आणि ग्वाल्हेरकराला त्याहून चांगला मुहूर्त नाही. उन्हाळ्यासाठी ज्ञानदेवांची विरहिणी घ्या, ‘घनु वाजे घुणघुणा’. पहिल्या ओळीतल्या ढगांवरून ती पावसाळी वाटते. पुढे वाचा:

चंदनाची चोळी ।
माझें सर्व अंग पोळी ।

आणि

सुमनांची सेज ।
सीतळ वो निकी ।
पोळे आगीसारिखी ।
वेगीं विझवा कां ॥

ज्यानं गार व्हायचं त्यानंच अंग भाजतं आहे. पुण्यात बसून हे अलंकारिक वाटत असेल. इथे मे महिन्यात रात्री अकरा वाजता गादीवर पाठ टेकवा, मग कळतं. आम्ही संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओततो, वाफ निघते, मग अंथरूण घालतो, चादर पिळून पांघरतो; दोन वाजेपर्यंत ती चादर कोरडी आणि पुन्हा कोमट.

या ऋतूचा अभ्यास असा. वहीच्या एका पानावर तुमच्या घरातले गारव्याचे सगळे उपाय लिहून काढा: माठ, वाळा, पन्हं, सातूचं पीठ, खिशातला कांदा, कूलर, एसी. मग दुसऱ्या पानावर लिहा, हे सगळं करूनही पोळतं ते काय. घाई करू नका, हे पान महिनाभर कोरं राहिलं तरी चालेल. विरहिणीतली बाई उपायांना नावं ठेवत नाही. चंदन वाईट म्हणत नाही. ती फक्त सांगते की हे करून झालं, आता कान्ह्याला भेटवा. आई गेली त्या मे महिन्यात आमच्याकडे नवा एसी बसवला होता. खोली चांगली गार होती.

वर्षा

पावसाला पावसाची लाडिक कविता नको. ती फोटोखाली शोभते. तांब्यांची ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ घ्या. शाळेत ती मरणाची कविता म्हणून शिकवतात आणि मुलं खिडकीबाहेर बघतात. खरं तर तिच्यात भर पावसाळा आहे: मेघ वर्षतिल, शेते पिकतिल, नद्या गर्वानं वाहतील, आणि मी नसेन. कवी तक्रार करतो आहे की सुटकेचा श्वास टाकतो आहे, हे वाचणाऱ्याच्या वयावर ठरतं. विशीत मला ती रड वाटली होती. आता ‘होईल काही का अंतराय’ म्हणताना खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. माझ्यावाचून निंबोळ्या पडतील, माझ्यावाचून शेजारच्या गच्चीवर मोर येऊन घाण करून जाईल.

तांबे ग्वाल्हेरातच गेले, डिसेंबर १९४१मध्ये. पुढच्या आषाढात लष्करावर पाऊस पडलाच असणार.

पहिल्या मोठ्या सरीला ही कविता गच्चीच्या दारात उभं राहून म्हणा. वही आत ठेवा. माझी एक वही पन्हाळीखाली भिजली आणि आषाढाचं निळं पाणी झालं; तेव्हापासून नोंद पाऊस थांबल्यावरच.

शरद

कोजागिरीला दूध आटवायला ठेवलं की त्या चकोरतलगांच्या ओव्या काढा. फार तयारी नको. दुधात चंद्र पडतो तेवढा वेळ गप्प बसणं हाच अभ्यास. पुढची एक ओवी तर म्हणते की हे शब्दांवाचून बोलायचं आणि इंद्रियांना कळू न देता भोगायचं. मसाला दुधाच्या बाबतीत ते शेवटचं मला आजवर जमलेलं नाही.

शरदातच कवितेशी भांडूनही बघा, कारण भांडण नसेल तर वाचन झालं की नाही शंका येते. तांब्यांच्या ‘मावळत्या दिनकरा’त एक ओळ आहे, ‘जो तो पाठ फिरवी मावळत्या’. उगवत्याला सगळे नमस्कार करतात, मावळत्याकडे कुणी बघत नाही. वर्षानुवर्षं मी मान डोलावली. मग एका कार्तिकात, शुद्ध षष्ठीला, तलावाकडून येत होते. छठ करणाऱ्या पूर्वांचली बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. हातात सूप, त्यात केळी, ऊस, ठेकुआ. तोंड पश्चिमेला. अर्घ्य मावळत्यालाच. उगवत्याचा नंबर दुसऱ्या दिवशी पहाटे. एक म्हातारी थंडीनं कापत होती आणि सूर्य पुरता बुडेपर्यंत हललीसुद्धा नाही.

म्हणजे ‘जो तो’ नाही, कविराज. घरी येऊन मी समासात तसं लिहिलं. पण मग रात्री पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की तांबे त्या बाईच्याच शेजारी उभे आहेत, दोन्ही कर जोडून. पाठ फिरवणाऱ्यांत मी होते. तलावावरून मी घाईनं घरी निघालेच होते, भाजी घ्यायची म्हणून.

हेमंत आणि शिशिर

हेमंताबद्दल थोडक्यात. गजक, बाजरीची भाकरी, उन्हात पाठ शेकणं. इथे हा खाण्याचा ऋतू आहे आणि त्यात वावगं काही नाही. तुकोबांचं ‘आनंदाचे डोही आनंद तरंग’ घ्या आणि वाचू नका, गुणगुणा. डिसेंबरात तानसेन समारोह असतो. त्याची सुरुवात तानसेनाच्या समाधीपाशी ढोलीबुवांच्या परंपरेतल्या हरिकथेनं आणि मिलाद शरीफनं, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीच्या पठणानं, होते. सकाळी लवकर कानटोपी घालून तिथे जा. एकाच चादरीजवळ हरिकथा आणि मिलाद पाठोपाठ ऐकल्यावर त्या दिवशी वहीत वेगळं काही लिहावं लागत नाही.

शिशिराचं वेगळं आहे. पंचांगाचा शिशिर माघात, आमचा कोहरा पौषातच येऊन बसतो. किल्ला दिसेनासा होतो, मग कडुनिंब, मग समोरची टाकी. सूर्य दुपारी पांढऱ्या टिकलीसारखा येतो आणि मावळलेला कळतच नाही. या दिवसांत पुस्तक उघडू नका. शिशिराची कविता म्हणजे आधीच्या ऋतूंतली जी पाठ झाली असेल ती. दुलईत बसून, दिसत काही नसताना, आठवेल तितकी म्हणा. जिथे अडाल तिथे पुस्तकात बघायचं नाही. एका शिशिरात मला विरहिणीतलं ‘चंदनाची चोळी’ आठवेना. तीन आठवडे आठवेना. मग एका सकाळी शेगडीवर हात शेकताना ओळ आपोआप आली, आणि उन्हाळ्यात न लिहिलेलं ते कोरं पान त्या दिवशी भरलं.

वसंत

इथला वसंत जेमतेम तीन आठवड्यांचा. फाल्गुनात गावाबाहेर पळस पेटतो, होळी होते, आणि पाडव्याच्या कडुनिंबाची चव जाते न जाते तोच पंखे पुसायला घ्यावे लागतात. म्हणून दोनच ओळी पुरतात: ‘इवलेंसें रोप लावियेलें द्वारीं, तयाचा वेलु गेला गगनावेरी’. कुंडीत मोगरा असेल तर त्याच्याजवळ म्हणा. नसेल तर लावा. ऐन बहरायला तो वैशाख घेतो, पण कळीची वाट बघणं हेच या ऋतूचं काम.

चौघं जमलात तर

एक वर्ष एकट्यानं करा. दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा दोघा-तिघांना बोलवा. चारावर नको, पाचवा आला की सभा होते आणि कुणीतरी अध्यक्ष होतो. नियम एक: कुणी कुणाला अर्थ समजावायचा नाही. प्रत्येकानं ओळ म्हणायची आणि आपल्या वहीतली एक नोंद वाचायची. आमच्यात एक काका आहेत, त्यांना दर ओळीत अद्वैत सापडतं. त्यांना आम्ही चहा गाळायला पाठवतो.

मराठी येत नाही अशांनाही बसवा. शेजारच्या भाभी पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, “हमें तो कुछ आता नहीं.” विरहिणी ऐकून झाल्यावर मात्र त्यांनी माहेरचा बारामासा म्हटला. परदेशी गेलेल्या नवऱ्याची बायको एकेक महिना मोजते, आणि जेठात तिलाही सेज जाळते. सगळे गप्प. गाळणी हातात धरून काका तसेच उभे.

वही दोन वर्षं चालवायची असेल तर एक युक्ती: प्रत्येक पानाचा खालचा अर्धा भाग कोरा सोडा. पुढच्या वर्षी त्याच तिथीला नोंद तिथेच करायची. माझ्या वहीत गेल्या वर्षीच्या ज्येष्ठ वद्य पंचमीला लिहिलं आहे: ‘गच्चीवर तीन बादल्या. चादर दोनदा भिजवली. झोप नाही.’ खाली यंदाच्या शाईत: ‘दोन बादल्या. चादर भिजवायची राहिली. पहाटे कोकिळेनं उठवलं.’